अर्ध्या रस्त्यात उघडलेलं दार

माझ्या भावाला टक्कल पडलं, चष्मा लागला, शेवटी दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तरी घरात तो बाळच राहिला. आईने लाडाने ठेवलेलं नाव. ते बदलायची हिंमत कुणाची? मी त्याच्याहून थोडीच मोठी, पण पाळण्यातून उतरले तीच ताई होऊन.

मी शहर बस चालवते. डेपोत मला मिनिटबाई म्हणतात, कारण माझी गाडी थांब्यावर गरजेपेक्षा एक मिनिटही जास्त उभी राहत नाही. कुणी पिशवी सावरत धावत येत असेल, हात हलवत असेल, तर तो मला आरशात दिसतो. पण वेळ म्हणजे वेळ. जे आधीपासून येऊन बसलेत त्यांनी कशाला ताटकळायचं? हा माझा युक्तिवाद. खरं सांगायचं तर तो मी फक्त गाडीपुरता ठेवला नव्हता.

बाळला कुणाचीतरी किडनी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा भावजयीने माझ्याकडे साधं बघितलंही नव्हतं. तिने काही बोलायच्या आतच मी म्हणाले, "माझी तपासा." तपासली. जुळली, अगदी मापात शिवल्यासारखी. भावजय माझ्या गळ्यात पडून रडली. बाळ खुर्चीत बसून फरशीकडे बघत राहिला. त्याचं ते खाली बघणं मला फार आवडलं. मी त्याला कृतज्ञता समजले.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा संपताना फादरांनी वेदीजवळून ही बातमी सांगितली. बहिणीने भावासाठी देहाचा तुकडा देणं म्हणजे काय, यावर चार वाक्यं बोलले. आमच्या चर्चमध्ये एरवी टाळ्या वाजत नाहीत. त्या दिवशी वाजल्या. बायका बाकांमधून वाट काढत माझे हात हातात घ्यायला आल्या. एकीने तर माझ्या हाताला ओठ लावले. मी "काही नाही हो, काही नाही" म्हणत होते आणि मनात म्हणत होते, आई, बघतेस ना?

कारण आईने शेवटची वर्षं माझ्या घरात काढली. तिला उठवणं, बसवणं, भरवणं, पुसणं, सगळं माझ्या कामाच्या पाळ्या सांभाळून मी केलं. ती माझ्या हातून पाणी प्यायची आणि दाराकडे बघायची. "बाळ आला का?" बाळ येत नसे. फोन करायचा, तोही वीस मिनिटं हवापाण्यावर बोलायचा. तो आला तो दफनाच्या दिवशी, आणि असा ओक्साबोक्शी रडला की जमलेली सगळी माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. मी कोपऱ्यात खुर्च्या मांडत होते. माणसांना बसायला नको?

त्या टाळ्यांच्या दुपारी पहिलं स्वप्न पडलं.

माझी पाळी पहाटेची असते, त्यामुळे दुपारी मी तासभर आडवी होते. स्वप्नात मी माझीच गाडी चालवत होते. आत कुणी नव्हतं. रस्ता रोजचाच, पण दुकानं नाहीत, घरं नाहीत, दोन्ही बाजूंना नुसत्या भिंती. पुढे एक थांबा, आणि तिथे कुणीतरी हात वर करून उभं. मी ब्रेकवर पाय ठेवला. ब्रेकला काही झालं नव्हतं. माझा पायच दाबायला तयार नव्हता. गाडी त्या माणसाच्या अंगावर वारा सोडत पुढे गेली. आरशात बघितलं तर तो हात अजून वरच होता. जाग आली तेव्हा माझा उजवा पाय भिंतीला टेकून ताठ झाला होता आणि पोटरीत गोळा आला होता.

तेच स्वप्न परत पडलं. आणि परत. जेवून पडलं की गाडी सुरू. मी दुपारी झोपायचंच सोडलं, तर बसल्या जागी डोळा लागायचा आणि तो हात दिसायचा.

मला अर्थ लगेच कळला. थांब्यावर बाळ. देव सांगतोय, उशीर करू नकोस. मी हॉस्पिटलात फोन करून ऑपरेशनची तारीख अलीकडे घ्यायला लावली आणि मठातल्या म्हाताऱ्या सिस्टरकडे गेले, तिच्याकडूनही शिक्का मारून घ्यायला.

ही सिस्टर म्हणजे आमच्या भागातलं एक प्रकरण आहे. पाय सुजलेले असतात म्हणून ते स्टुलावर ठेवून बसते, आणि माणसं तिच्यापुढे बसून आपली प्रार्थना कशी चाललीय, देव जवळ वाटतो की लांब, हे सांगतात. मी महिन्यातून एकदा जात असे. आतापर्यंत मी तिला नेहमी छान छान गोष्टीच सांगत आले होते.

मी स्वप्न सांगितलं, अर्थही सांगितला.

"चेहरा पाहिलास?" तिने विचारलं.

"नाही. पण बाळशिवाय दुसरं कोण असणार?"

"म्हणजे देवाला काय सांगायचंय ते तू त्याच्या आधीच सांगून मोकळी झालीस."

मला राग आला. राग माझ्या नाकावरच असतो, यायला फार लांबून यावं लागत नाही. मी म्हटलं, "मग तुम्ही सांगा अर्थ."

"माझ्याकडे अर्थ मिळत नाहीत. पण एक कर. स्वप्नात तू नेहमी चाकामागे असतेस. एकदा गाडीतून उतर. त्या थांब्यावर जाऊन उभी राहा, आणि तिथून काय दिसतं ते मला सांग."

"मी कशाला उभी राहू? मी ड्रायव्हर आहे."

"हो, ते दिसतंच आहे," म्हणून तिने पाय स्टुलावर नीट केले.

मी तणतणत घरी आले. म्हातारीला काय कळतंय? भाऊ तिकडे डायलिसिसच्या मशीनवर दिवस काढतोय आणि मी इथे थांबा थांबा खेळत बसू?

त्या आठवड्यात बाळची तब्येत ढासळली. पायांवर सूज, छातीत पाणी, दोन जिने चढून आला की बोलता येईना. भावजयीचे फोन वाढले. "ताई, तुम्ही ठीक आहात ना? सर्दीबिर्दी नाही ना झाली?" तिची चूक नव्हती. तिच्या नवऱ्याचा जीव माझ्या पोटात होता. माझ्या शिंकेनेही तिला धडकी भरत असणार. पण प्रत्येक फोननंतर मी मोबाइल उलटा करून ठेवायचे.

आणि मग सकाळच्या गर्दीत ते घडलं. गाडी खच्चून भरलेली. एका कारखान्याच्या लांबलचक भिंतीशेजारून मी चालले होते. तिथे थांबा नाही, फुटपाथही धड नाही. मला हात दिसला. भिंतीशी, वर केलेला. यावेळी पाय दाबला गेला. इतका करकचून की मागची माणसं एकमेकांवर पडली, एका आजोबांचं कपाळ दांड्यावर आपटलं. मी दार उघडलं.

बाहेर कुणी नव्हतं. भिंत होती, तिच्यावर फाटलेली जाहिरात होती.

मला दार बंद करता येईना. मी वाट बघत बसले. मागून आवाज यायला लागले. "अहो बाई, इथे थांबा आहे का?" "कुणाला घ्यायचंय?" "आमचा हजेरीचा टाइम चाललाय!" कुणीतरी बेल दाबत होतं, मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या, आणि मी, मिनिटबाई, उघड्या दारातून भिंतीकडे बघत होते. मला वाटत होतं की आता दार लावलं तर फार वाईट काहीतरी होईल. शेवटी त्या आजोबांनीच पुढे येऊन माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. "चला, बाळा," ते म्हणाले. मग मी दार लावलं.

डेपोत साहेबांनी विचारलं, "कुणासाठी थांबवलीत?" दुसरा कुणी असता तर त्याची सालटी निघाली असती. मला चहा मिळाला. "ऑपरेशनची धास्ती घेतलीय तुम्ही. आत्तापासूनच रजेवर जा. एवढं मोठं पुण्य करताय." त्या पुण्याच्या पांघरुणाखाली माझा जीव गुदमरला. मी चहा तसाच ठेवून थेट मठ गाठला.

सिस्टर शेंगा सोलत बसली होती. मी समोर बसले आणि डोळे मिटले. काही प्रस्तावना केली नाही.

"उतरले," मी म्हटलं. "थांब्यावर आहे."

"काय दिसतंय?"

"रस्ता. रिकामा. माझा हात वर आहे. दुखतोय."

"कधीपासून वर आहे?"

मला "थोडा वेळ" म्हणायचं होतं. तोंडातून निघालं, "लहान असल्यापासून."

शेंगांचा आवाज बंद झाला. मी खाली बघितलं, म्हणजे मिटलेल्या डोळ्यांनीच, तर पायांत डेपोचे काळे बूट होते. थांब्यावर बाळ नव्हताच. कधीच नव्हता. मीच होते.

"गाडी येतेय," मी म्हटलं. "चालवणारा मला बघतो. बघूनही थांबत नाही."

"कोण चालवतंय?"

"कधी आई."

"आणि कधी?"

ते बोलायला माझी जीभ वळेना.

"बोल," सिस्टर म्हणाली. "त्याच्या कानावर याहून वाईट गोष्टी गेल्यात."

"कधी देव."

मग मी रडले. सुंदर नाही, नाक गळत, हुंदके देत. एवढी वर्षं मी वेळेवर आले, वेळेवर उभी राहिले, चर्चमध्ये फुलं लावली, आईला पुसलं, आणि प्रत्येक वेळी गाडी मला ओलांडून त्या उशिरा येणाऱ्याकडे गेली. मला त्याची चीड होती. बाळची होती, आईची होती, आणि ज्याच्यापुढे मी रोज गुडघे टेकते त्याचीही होती. किडनी म्हणजे माझा तोच वर केलेला हात होता. आता तरी थांबशील? आता तरी बघशील? आणि तेवढंच नव्हतं. बाळच्या पोटात जन्मभर माझा तुकडा राहील. तो जेवेल, हसेल, माझ्याशी भांडायला तोंड उघडेल, आणि त्याला आठवेल. तो पुन्हा कधी माझ्यासमोर मान वर करणार नाही. हे मला हवं होतं. अगदी आतून हवं होतं. मी हे सगळं मोठ्याने बोलले आणि मला माझीच किळस आली.

सिस्टरने मला रुमाल दिला नाही, पाठही थोपटली नाही. एवढंच विचारलं, "हे त्याला माहीत आहे?"

"देवाला?"

"देवाला तर आहेच. बाळला."

दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात माझी शेवटची मुलाखत होती. देणाऱ्याला तिथे एकट्याला बसवतात. नातेवाईक बाहेर, दार बंद. समुपदेशक बाई तरुण होत्या, शांत बोलणाऱ्या. त्यांनी सगळे धोके परत सांगितले, मग पेन खाली ठेवलं.

"आमच्याकडे एक पद्धत आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला द्यायची नसेल, कुठल्याही कारणाने, तर फक्त मला सांगा. आम्ही घरच्यांना एवढंच सांगतो की तुम्ही यासाठी योग्य नाही. कारण सांगत नाही. कुणाला कधीच कळत नाही."

खोलीतल्या पंख्याचा आवाज मला एकदम मोठा वाटायला लागला. नाही म्हणायचं आणि तरीही चांगलंच राहायचं, टाळ्यांसकट! मला कल्पनेनेच सुटल्यासारखं झालं. ते सुटणं इतकं गोड होतं की मी घाबरले.

"माझं भावावर प्रेम नाही," मी म्हणाले.

"ते आम्ही विचारत नाही. तुम्ही मोकळ्या मनाने देताय का, एवढंच विचारतो."

"मोकळं मन असतं तर असलं काही बोलले असते का?" त्या हसल्या नाहीत. मी म्हटलं, "मला थोडे दिवस द्या."

"त्यांची तब्येत तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

त्यांनी बाहेर जाऊन सांगितलं की एक तपासणी पुन्हा करावी लागेल, तारीख पुढे गेली. दाराच्या फटीतून मला भावजय दिसली. ती भिंतीला धरून हळूच बाकावर बसली. मी तिच्यासमोरून निघून गेले. तिने "ताई" म्हणून हाक मारली, मी ऐकलं नाही असं केलं. हॉस्पिटलचा जिना उतरताना मला वाटलं, बाळ मेला तर मीच मारला.

पुढच्या डायलिसिसला मी गेले. बाळ आरामखुर्चीत पडला होता, हातातून दोन नळ्या निघून मशीनमध्ये गेलेल्या, त्याचं रक्त बाहेर फिरत होतं. भावजयीला मी चहाला पिटाळलं. प्लास्टिकची खुर्ची ओढली.

"तपासणीबिपासणी काही नाही," मी म्हणाले. "मीच थांबवलंय."

"बरं," तो म्हणाला.

"बरं काय? विचार ना, का ते."

"ताई, का ते मला माहीत आहे."

मी सांगायचंच ठरवून आले होते, त्यामुळे सांगितलं. त्याचा किती राग येतो, आई दाराकडे कशी बघायची, दफनाच्या दिवशी मी खुर्च्या मांडत होते ते. आणि किडनी देऊन मला त्याला कसं कायमचं खाली बघायला लावायचं होतं. मी आवाज खाली ठेवला होता, पण शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी पेपर वाचायचा सोडला होता हे मला दिसत होतं.

बाळने सगळं ऐकलं. मग म्हणाला, "मी त्या समुपदेशक बाईंकडे गेलो होतो. म्हटलं, तिची जुळत नाही म्हणून सांगा. त्या म्हणाल्या, ती सवलत फक्त देणाऱ्याला असते, घेणाऱ्याने सरळ नाही म्हणायचं." तो किंचित हसला. "सरळ नाही म्हणायची धमक असती तर काय हवं होतं मला."

"तुला नको होती माझी किडनी?"

"मला जगायचंय गं. पण तुझी भीती वाटते मला. लहानपणापासून." त्याने ओठ ओले केले. "आईकडे मी का आलो नाही, विचारलंस कधी?"

"कामं असतील."

"कसली कामं. मला बघवत नव्हतं तिला तशी. दारापर्यंत येऊन परत गेलोय मी, दोनदा. तू होतीस ना आत. तू होतीस म्हणून मला भित्रं राहता आलं."

मी सबबी ऐकायच्या तयारीत होते. खोटं बोलला असता तर मी त्याला सोलून काढला असता. पण हे ऐकून मला काय करावं ते कळेना. दारापर्यंत! आई आतून दाराकडे बघत होती आणि हा बाहेर उभा होता. माझ्या डोक्यात सणक गेली. मी उठले, त्याला काहीतरी भयंकर बोलणार होते, आणि त्याच वेळी मशीन किंचाळायला लागलं.

बाळचा चेहरा कागदासारखा पांढरा झाला. डोळे वर गेले. नर्स धावत आली, तिने खुर्चीची पाठ मागे पाडली, त्याचे पाय वर केले, मला म्हणाली, "बाजूला व्हा!" दुसरी आली. कुणीतरी रक्तदाबाचे आकडे ओरडत होतं, आणि ते खालीखाली येत होते. मी भिंतीला चिकटून उभी होते. मला प्रार्थना करायची होती. मला सगळ्या प्रार्थना पाठ आहेत, लहान मुलांना मी शिकवते. एक आठवेना. मी फक्त म्हणत राहिले, माझ्याकडे काही नाही. माझ्याकडे काही नाही. कुणाला सांगत होते ते मला माहीत होतं. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याच्यापुढे काहीही न घेता उभी होते, आणि मला फार लाज वाटत होती.

आकडे वर यायला लागले. बाळने डोळे उघडले, "पाणी" म्हणाला, नर्सने त्याला दटावलं आणि एक घोट दिला. मग तो झोपला. मी परत खुर्चीत बसले. मशीनची लय ऐकता ऐकता माझाही डोळा लागला.

थांब्यावर होते. हात दुखून दुखून आपोआप खाली आला होता. मला वाटलं, झालं, आता तर कुणाला दिसणारही नाही. गाडी आली. आणि थांबली. हात खाली असताना थांबली. दार उघडलं आणि उघडंच राहिलं. मी खिसे चाचपले; पास नाही, सुट्टे नाहीत. आतून कुणी काही मागितलं नाही, घाईही केली नाही. माझ्या हिशेबाने तर ती गाडी केव्हाच निघायला हवी होती.

"ताई, मान अवघडेल," बाळचा आवाज आला. मी डोळे उघडले. तो माझ्याकडे बघत होता, सरळ, खाली नाही. भावजय चहाचे पेले घेऊन दारात उभी होती आणि आम्हा दोघांच्या चेहऱ्यांवरून काही कळतंय का ते शोधत होती.

"राग गेलेला नाही माझा," मी त्याला म्हणाले. "दारातून परत गेलास ते तर मी विसरणारच नाही."

"नको विसरूस."

"पण किडनी घे. मला त्याच्या बदल्यात काही नकोय. आत्ता तरी नकोय. उद्या परत हवंसं वाटलं तर सांगेन तुला."

त्याने छताकडे बघितलं. मग म्हणाला, "एका अटीवर. मला आभार मानायला लावायचं नाही."

"मान तर खरं, थोबाड फोडीन."

भावजयीने चहा टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

मी समुपदेशक बाईंना भेटले. त्यांनी मला तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि मी जमेल तसं खरं उत्तर दिलं. फादरांना मी निरोप पाठवला की आता वेदीजवळून माझं नाव घेऊ नका. ते थोडे दुखावले. ऑपरेशनच्या सकाळी आम्हाला शेजारशेजारच्या स्ट्रेचरवर झोपवून नेलं. बाळ भीतीने थरथरत होता, मीही. मी त्याला काही आशीर्वादबिशीर्वाद दिला नाही. "दात वाजतायत तुझे, बंद कर," एवढंच म्हणाले.

मी लवकर बरी झाले. मला घरी सोडलं. बाळच्या किडनीने पहिले दिवस छान काम केलं. त्याचा चेहरा उजळला, भावजयीने फोनवर हसून बोलायला सुरुवात केली. मग एका दुपारी तिचा फोन आला. बाळच्या शरीराने किडनी नाकारली होती. डॉक्टरांनी औषधं बदलली, वाढवली, आणखी वरच्या डॉक्टरांना बोलावलं. उपयोग झाला नाही. ती काढून टाकावी लागली. बाळ परत मशीनवर गेला.

मी हॉस्पिटलात निघाले तेव्हा मला बाळपेक्षा माझीच जास्त भीती वाटत होती. कुशीतली जखम अजून ओढत होती. मी बसमध्ये, प्रवाशाच्या जागेवर बसून, आत तो राग शोधत होते. आता तो येणार. एवढं देऊन यानं तेही टिकवलं नाही, असं मी म्हणणार. मी स्वतःला ओळखते. मी प्रत्येक थांब्यावर त्याची वाट बघितली. वाईट वाटत होतं, फार वाईट. राग आला नाही.

बाळ भिंतीकडे तोंड करून झोपला होता. माझी चाहूल लागली तरी वळला नाही. त्याचे खांदे हलत होते.

"ताई," तो भिंतीला म्हणाला, "तुझी वाया घालवली गं मी."

"माझी कुठली?" मी म्हणाले. "तुला दिली होती ना? मग तुझी होती ती. तुझी गेली, बाळ."

तेव्हा तो वळला. आईच्या दफनाला रडला होता तसाच रडला, तोंड वेडंवाकडं करून, लहान मुलासारखा. मला बसायला रिकामी खुर्ची नव्हती; होती तिच्यावर भावजयीची पिशवी आणि रिपोर्ट होते.

"पाय सरकव," मी म्हणाले, आणि त्याच्या खाटेवर जागा करून त्याच्याजवळ बसले.